पायातलं रक्त परत वर कसं येतं?

फळाखडू
नमस्कार मंडळी. मी सांगलीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सध्या रक्ताभिसरणाचा धडा चालू आहे. उजवं अलिंद, उजवं निलय, फुप्फुसं, डावं अलिंद, डावं निलय, महाधमनी, इथपर्यंत मुलं घडाघडा म्हणतात. आकृतीत तांबडी रेघ पायापर्यंत उतरते आणि निळी रेघ वर चढते. त्या निळ्या रेघेपाशी फारसं कुणी थांबत नाही.

परवा एक मुलगी थांबली. "बाई, हृदय ढकलतं म्हणून रक्त खाली जातं हे कळलं. पण पायाच्या बोटापर्यंत गेल्यावर त्याला वर कोण ओढतं?" मी शिरांतल्या झडपा सांगितल्या, पोटरीचे स्नायू सांगितले. तिचा लगेच पुढचा प्रश्न, "मग झोपेत पोटरी हलत नाही तेव्हा?"

मला मनापासून वाटतं की आपण हृदयाचं कौतुक करतो आणि परतीची वाट दोन वाक्यांत उरकतो. घरोघरी त्रास देते ती मात्र हीच वाट. संध्याकाळी सुजणारे पाय, पोटरीवर टरारलेल्या शिरा, झेंडावंदनाला उभी असताना कोसळणारी पोरं, सगळं इथलंच. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, नीट उत्तर. दुसरं, मुलांना स्वतःच्या अंगावर करून बघता येईल असं काहीतरी. बकऱ्याचं हृदय आणून दाखवून झालंय, त्यात परतीची वाट दिसत नाही.

पहिलीरांग
पुढची जागा धरून ठेवतो. त्या मुलीला आमच्या साताऱ्याचे कंदी पेढे द्या माझ्याकडून.

ऊसकरी
बाई, आमच्या कडेगाव भागात हे कुणालाबी विचारा. टेंभू उपसा योजनेचं पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतनं उचलतात, ते काय एका दमात आटपाडीला जात न्हाई. एक टप्पा, मग दुसरा, मग तिसरा, आणि दर टप्प्याला पंप. वीज गेली तर पाणी माघारी पळू नये म्हणून झडप. शरीरात तेच हाय. हृदय मोठा पंप, पोटरी मधला टप्पा, आणि शिरेतली झडप म्हणजे विहिरीत सक्शनच्या पाईपाला खाली जो फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, असतो तो. त्यात काडी अडकली की पाईप रिकामा होतो आणि सकाळी पाणी भरत बसावं लागतं. शिरेची झडप बिघडली की पाय सुजतो. एवढंच सांगा पोरांना, जन्मात विसरणार न्हाईत.

रानजाई
ऊसकरी +१. एकदम भारी सांगितलंत.

घाटवाट
ऊसकरी दादा, झडपेचं मान्य. उचलण्याचं मान्य नाही.

टेंभूचं पाणी वर गेलं की तिकडच्या शेतात मुरतं, त्याच नळीनं नदीला परत येत नाही. म्हणून त्याचं सगळं वजन पंपाला उचलावं लागतं. रक्त बंद चक्रात फिरतं. हृदयापासून घोट्यापर्यंत धमनीत रक्ताचा जेवढा उंच स्तंभ उभा आहे तेवढाच शिरेत उभा आहे. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला तोलून धरतं. हृदयाला पायांच्या उंचीपायी जादा जोर जवळजवळ लावावा लागत नाही, त्याची झुंज नळ्यांतल्या घर्षणाशी असते. त्या मुलीला माझं उत्तर असं की ओढायला कुणी लागतच नाही.

(मेकॅनिकलवाला आहे, साताऱ्यात राहतो, सकाळी यवतेश्वरच्या घाटात पळतो. त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.)

ऊसकरी
मग माझ्या आईचा पाय का सुजतो ते सांगा. तुमच्या हिशेबानं सुजायलाच नको. आणि गंमत अशी की दिवसभर रानात भांगलण केली तर न्हाई सुजत. लग्नाला जाऊन खुर्चीवर बसली की संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो.

घाटवाट
हे निरीक्षण जबरदस्त आहे. धाग्यावर कुणी डॉक्टर आहे का?

स्टेथो
आहे. मिरजेला असतो. ओपीडी संपवून सगळे प्रतिसाद वाचले. जरा मोठं लिहितो.

आधी झोपलेल्या माणसापासून सुरुवात करू, कारण मुलीचा दुसरा प्रश्न तिथलाच आहे. विश्रांतीत हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला सत्तरेक ठोके धरले तर ५ लिटर होतात. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही ५ लिटरच्या आसपासच असतं. म्हणजे मिनिटाभरात सगळ्या रक्ताइतकं रक्त हृदयातून जातं. महाधमनीत सरासरी दाब ९०-९५ मिलिमीटर पारा असतो. केशवाहिन्या ओलांडून रक्त शिरेत येईपर्यंत तो १०-१५ वर येतो आणि उजव्या अलिंदापाशी जवळपास शून्य. पुढे कमी, मागे जास्त, एवढ्या फरकावर रक्त परत येतं. आडवं झोपल्यावर पाय आणि हृदय एका पातळीत असतात, त्यामुळे तेवढं पुरतं. पोटरी हलली नाही तरी चालतं.

आता उभे राहा. वजन दोन्ही बाजूंनी तोललं जातं हा घाटवाट यांचा हिशेब ताठ नळ्यांना तंतोतंत लागू आहे. पण शिरा ताठ नसतात. रक्ताच्या स्तंभाचा दाब नळीच्या भिंतीवर बसतोच. घोट्यापाशी तो ९० मिलिमीटरच्या घरात असतो आणि धमनीवर व शिरेवर सारखाच वाढतो. धमनीची भिंत जाड, ती सोसते. शिरेची भिंत पातळ, ती ताणली जाते आणि तिच्यात रक्त मावत जातं. तसंही शरीरातलं ६० ते ७० टक्के रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं. उभं राहिल्यावर त्यातलं अर्धा लिटर किंवा थोडं जास्तच छातीकडून खाली सरकतं. तसंच निश्चल उभे राहिलात तर केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपू लागतं. ती सूज. आणि हृदयाकडे जे रक्त परतच आलं नाही ते हृदय पुढे कुठून ढकलणार? मग मेंदूला कमी पडतं. झेंडावंदनाला पोरं पडतात ती यामुळे.

म्हणून मी प्रश्नच थोडा फिरवून सांगेन. रक्त वर ओढणं ही अडचण नाही, ते खाली साठू न देणं ही अडचण आहे. ते काम पोटरी करते. पोटरी आवळली की तिच्या आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. पोटरी सैल पडली की वरच्या झडपा मिटतात, वर गेलेलं खाली येत नाही, आणि रिकाम्या झालेल्या खोल शिरांत वरवरच्या शिरांतलं रक्त ओढलं जातं. चालताना घोट्यापाशी शिरेतला दाब ९० वरून २५-३० पर्यंत उतरतो. पाऊल थांबलं की अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा वर.

जोडीला श्वास. श्वास आत घेताना छातीतला दाब कमी होतो, श्वासपटल खाली येऊन पोटावर दाबतं, आणि पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त छातीकडे सरकतं. हे झोपेतही चालू असतं.

ऊसकरी, तुमच्या आईचं उत्तर यातच आलं. भांगलताना त्या सारख्या उठतात, सरकतात, पाऊल टाकतात. खुर्चीवर पोटरी स्वस्थ असते. पण दोन्ही पाय रोज सुजत असतील, बोटानं दाबल्यावर खळगा राहत असेल किंवा सोबत धाप लागत असेल तर हृदय, मूत्रपिंड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शिरांवर ढकलून मोकळं होऊ नका.

ऊसकरी
डॉक्टरसाहेब, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणती, "मग आता लग्नाला जाऊ नको व्हय?"

पहिलीरांग
आईंना सांगा, जायचं आणि पंगतीत वाढायला उभं राहायचं! फिरता फिरता पोटरीचं काम होतंय.

जुनीतिकीट
सातारा विभागात एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. हा धागा माझ्या पायांवरच लिहिलाय असं वाटलं.

उभी नोकरी. गर्दीची फेरी असली की दोन सीटच्या मध्ये पाय रोवून उभं राहायचं, चालणं काही नाही. डाव्या पायाला गुडघ्याच्या आतल्या बाजूनं घोट्यापर्यंत एक शीर वर आली. करंगळीएवढी जाड, वळणं घेत गेलेली. उभं राहिलं की टरारायची, खाटेवर पाय वर केला की मिटून जायची. सुरुवातीला दुखत नव्हती म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मग घोट्याच्या वरची कातडी तपकिरी झाली, रात्री खाज सुटायची. एकदा तिथं पायरीचा पत्रा घासला. एवढंसं खरचटणं, पण भरेना. खपली धरायची, ओलसर व्हायची, परत उघडी पडायची. एका ठिकाणी नुसतं मलम देत राहिले. दुसरीकडे एका डॉक्टरांनी मला उभं करून डॉपलर सोनोग्राफी केली आणि पडद्यावर दाखवलं की पोटरी दाबून सोडली की रक्त वर जाऊन पुन्हा खाली येतंय. झडप मिटतच नव्हती.

लेझरनं ती शीर आतून बंद केली. आमची मंडळी डॉक्टरांना म्हणाली, "शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून?" मलाही तोच प्रश्न पडला होता. डॉक्टर म्हणाले, पायातलं बहुतेक सगळं रक्त खोल शिरांतून जातं. ही वरवरची शीर रक्त वर नेण्याऐवजी खालीच आणत होती, ती बंद केल्यानं बाकीच्यांवरचा भार कमीच होतो. नंतर जखम भरली.

आताच्या वाहक पोरांना आणि ताईंना सांगणं आहे, गाडी थांब्यावर उभी असली की टाचा उचला, ठेवा, उचला, ठेवा. कुणी हसलं तर हसू दे.

रानजाई
काका, तुमचा प्रतिसाद माझ्या वहिनीला पाठवला. कापड दुकानात काउंटरला दिवसभर उभी असते.

मार्केटयार्ड
फक्त उभ्यानंच होतं असं नाही वाटत मला. आमचे वडील हळदीच्या पेढीवर गादीवर मांडी घालून बसायचे, त्यांच्या दोन्ही पायांना अशाच शिरा. आत्याच्या पायाला पण आहेत. आणि आमच्याकडे हमाली करणारे काहीजण दिवसभर पायावर असतात, त्यांना काही नाही.

स्टेथो
@मार्केटयार्ड, बरोबर. घराण्यात असणं हे मोठं कारण. झडपांचे पडदे आणि शिरेची भिंत मुळात कशी आहे यावर बरंच ठरतं. बाळंतपणं, वजन आणि वय त्यात भर घालतात. हमालांचं तुम्हीच सांगितलंत, ते चालतात. उभं राहणं आणि चालणं या पायाच्या दृष्टीनं दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

@जुनीतिकीट, काका, उभं करून डॉपलर ही बारीक गोष्ट तुम्ही लिहिलीत याचं फार बरं वाटलं. आडवं झोपवून बघितलं तर गळकी झडप निसटू शकते.

पहाटयोग
सर्वांचे अनुभव वाचले. मी साताऱ्यात योगवर्ग घेतो. या सगळ्यावर आपल्याकडे उपाय आहेच. विपरीतकरणी रोज करावी. पायांत साठलेलं अशुद्ध रक्त हृदयाकडे परत जातं आणि तिथे शुद्ध होतं. शीर्षासनानं मेंदूला जादा रक्त मिळतं, बुद्धी तल्लख होते. शाळेत हे शिकवलं पाहिजे.

स्टेथो
पहाटयोग, पाय भिंतीला टेकवून वर करून पडण्यानं आराम मिळतो हे शंभर टक्के खरं. शिरा रिकाम्या होतात, ताण उतरतो. मी स्वतः रुग्णांना सांगतो.

पण बाई हे वर्गात वापरणार आहेत म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. हृदय रक्त शुद्ध करत नाही, ते फक्त ढकलतं. ऑक्सिजन फुप्फुसात मिळतो, टाकाऊ पदार्थ गाळायचं काम मूत्रपिंडाचं. आणि शिरेतलं रक्त घाण नसतं. विश्रांतीत परत येणाऱ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर पाऊण भाग ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. पळायला लागलं की स्नायू तो वापरून घेतात.

मेंदूचं म्हणाल तर त्याच्या रक्तवाहिन्या आपला प्रवाह स्वतः सांभाळतात. दाब थोडा वर-खाली झाला तरी त्या आकसून किंवा सैल होऊन मिळणारं रक्त जवळपास तेवढंच ठेवतात. ज्यांना काचबिंदू किंवा चढा रक्तदाब आहे त्यांनी शीर्षासन करू नये.

पहाटयोग
शुद्धीकरणाचं पटलं, वर्गात सांगताना शब्द बदलेन. पण शीर्षासनानंतर मुलांचं मन स्थिर झालेलं मी वर्षानुवर्षं बघतोय, ते मी सोडणार नाही.

स्टेथो
सोडू नका. मन स्थिर होत असेल तर आनंदच आहे. त्यासाठी मेंदूला जादा रक्त मिळालं असं म्हणायची गरज नाही, एवढंच.

कोवळंऊन
एक शंका. घाण नसेल तर शिरा निळ्या का दिसतात?

परिचारिका
रक्तदानाची पिशवी बघा. ३५० मिलिलिटरची पिशवी शिरेतूनच भरते, आणि रक्त गडद तांबडं असतं, निळं कधीच नाही. निळेपणा कातडीतून उजेड परत येतो त्यातला आहे. आकृतीतली निळी रेघ फक्त ओळखण्यासाठी.

वाचनवेडा
या झडपांचा इतिहास बाईंना वर्गात उपयोगी पडेल. इटलीत पादुआच्या विद्यापीठात फॅब्रिसियस नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी १६०३ मध्ये शिरांतल्या झडपांवर पुस्तक छापलं, सुंदर चित्रांसकट. झडपा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण तेव्हाची समजूत अशी की रक्त यकृतात तयार होतं, शिरांतून अवयवांकडे जातं आणि तिथे वापरून संपतं. हे गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्यापासून चालत आलेलं. त्यामुळे फॅब्रिसियसना वाटलं की रक्त हातापायांत एकदम लोटू नये, सावकाश उतरावं, म्हणून झडपा आहेत.

त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे. त्यानं साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त निघतं ते अगदी कमीत कमी धरलं, तरी अर्ध्या तासात निघणारं रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त भरतं. एवढं रक्त खाल्लेल्या अन्नातून क्षणोक्षणी नवं तयार होणं शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. मग झडपांचा अर्थ लागला, त्या फक्त हृदयाच्या दिशेनं उघडतात. १६२८ मध्ये फ्रँकफर्टला त्याचं पुस्तक छापलं गेलं.

एक दुवा मात्र त्याला मिळाला नाही. धमनीतलं रक्त शिरेत जातं कसं, हे त्याला दिसलं नव्हतं. मालपिगीनं १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या, तोवर हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती. फुप्फुसातून होणारी रक्ताची फेरी त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, इब्न अल-नफीस या अरब वैद्यानं लिहून ठेवली होती.

आता बाईंना हवा तो प्रयोग. हार्वेच्याच पुस्तकात त्याची चित्रं आहेत. दंडाला रुमाल बांधा, शिरा फुगतील एवढाच, नाडी थांबेल इतका घट्ट नाही. हात खाली सोडून मूठ दोनचार वेळा उघडझाप करा. हातावर एक सरळ शीर निवडा, तिच्यावर मध्येमध्ये बारीक गाठी दिसतील, तिथे झडपा आहेत. शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे सारत वरच्या गाठीच्या पलीकडे न्या. मधला तुकडा सपाट होईल. आता वरचं बोट उचला. वर रक्त टम्म भरलेलं आहे, तरी सपाट तुकड्यात उतरत नाही. मग खालचं बोट सोडा, तुकडा क्षणात भरतो.

ऊसकरी
आत्ताच ओट्यावर बसून केलं. डाव्या हाताच्या पालथ्या बाजूला. वरचं बोट काढल्यावर रक्त गाठीपाशी येऊन थटलं, तिथं शीर ज्वारीच्या दाण्याएवढी फुगली आणि त्याच्या खाली नुसतं कातडं. मी हात वर-खाली केला, वरनं दाबून बघितलं, येत न्हाई ते न्हाई. पोरगं बघत होतं, त्यानं माझा हात धरून चारदा करायला लावलं.

झडपेपुरता माझा फुटबॉल बरोबर निघाला की नाही, घाटवाट भाऊ?

घाटवाट
निघाला! दादा, आणि तुमच्या आईच्या खुर्चीनं माझ्याही एका प्रश्नाचं उत्तर दिलं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला शेवटची रेघ ओलांडली की काहीजण गुडघ्यांवर हात ठेवून जागच्या जागी थांबतात, आणि त्यातले काही भोवळ येऊन बसतात. चढउतार सगळा झाला, तेव्हा काही नाही, आणि थांबल्यावर पडायचं! स्टेथोंचं वाचून जुळलं. पळताना पायाच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या सैल उघडलेल्या असतात, रक्त भरभरून येत असतं आणि पोटऱ्या ते परत पाठवत असतात. पाय थांबला की येणं चालू, परत जाणं बंद. म्हणून संपल्यावरही चालत राहायचं. बरोबर ना डॉक्टर?

स्टेथो
अगदी बरोबर. आणि भोवळ आलेल्याला काखेत हात घालून उभं धरून ठेवू नका. लोक मायेनं हेच करतात. आडवं करा, पाय थोडे वर उचला. बहुतेकजण मिनिटाभरात डोळे उघडतात. शाळेच्या मैदानावरही हाच नियम.

दिंडीक्रमांक
माऊलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चालतो. इतकं चालूनही वारकऱ्यांचे पाय मुक्कामी सुजलेले दिसतात. मग चालल्यानं सूज येत नाही हे कसं?

फलटणला, तरडगावला गावातली मंडळी रांगेत बसून वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळतात. एक म्हातारे गृहस्थ कायम टाचेकडून गुडघ्याकडे चोळायचे, उलटं कधीच नाही. "वर सारायचं" एवढंच म्हणायचे. आज हा धागा वाचताना त्यांचा हात डोळ्यांसमोर आला.

लोणंदकर
पालखीचा मुक्काम म्हटलं की आमच्याकडं घराघरात पिठलं-भाकरी. ठेचा आईच्या हातचा.

पहिलीरांग
ठेचा कुठला, हिरव्या मिरचीचा की लाल?

लोणंदकर
हिरव्या मिरचीचा, खलबत्त्यातला, वरून कच्चं तेल.

रानजाई
अहो, धागा पंढरीला निघाला. सांगलीला परत आणा!

स्टेथो
@दिंडीक्रमांक, प्रश्न रास्त आहे. दिवसचे दिवस चालल्यावर स्नायूंना आणि सांध्यांना मार बसतो, त्याची सूज वेगळी. उकाड्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, तीही भर. शिवाय दिंडीत नुसतं चालणं नसतं, थांबणं आणि रांगेत तिष्ठणंही पुष्कळ असतं. त्या गृहस्थांची दिशा मात्र अचूक होती.

परिचारिका
एवढं सगळं चाललंय तर एक गंभीर गोष्ट लिहिते, कारण वॉर्डात ती बघितलेली आहे. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, हात लावल्यावर गरम लागते, तर चोळायचं नाही. तेल नाही, शेक नाही, थेट डॉक्टर. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटली तर पोटातल्या मोठ्या शिरेतून उजव्या अलिंदात, उजव्या निलयात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. एकदम धाप लागते, छातीत दुखतं, जीव जाऊ शकतो. परतीची वाट हृदयाकडेच जाते, म्हणून पायातलं दुखणं छातीत पोचतं.

शस्त्रक्रियेनंतर आम्ही पेशंटला लवकर उठवतो, घोटे हलवायला लावतो, तेव्हा नातेवाईक रागावतात, "अहो, आराम करू द्या की त्यांना." कारण हेच असतं. मुंबई-सांगली रात्रभर बसनं येणाऱ्यांनीही अधूनमधून घोटे फिरवावेत, थांब्यावर उतरून चार पावलं टाकावीत.

मार्केटयार्ड
हे वेगळ्या धाग्यावर वर काढून ठेवण्यासारखं आहे. धन्यवाद सिस्टर.

कोवळंऊन
माझ्या सहा वर्षांच्या लेकाचा प्रश्न: जिराफाचे पाय सुजतात का?

वाचनवेडा
काय प्रश्न आहे! मान एवढी उंच असल्यानं जिराफाचा रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि पायात तर तो आणखी वाढतो. पण त्याच्या पायाची कातडी जाड आणि घट्ट बसलेली असते. ती आतल्या मांसाला बाहेरून दाबून धरते, त्यामुळे शिरा ताणायला आणि पाणी झिरपायला वावच राहत नाही. माणसांना डॉक्टर घट्ट स्टॉकिंग देतात, जिराफाला ते जन्मतःच असतं. सांगा लेकाला.

फळाखडू
आज दोन तास सलग मिळाले होते. काय केलं ते सांगते.

आधी हार्वेचा प्रयोग. मुलांच्या कोवळ्या हातांवर शिरा नीट दिसेनात. मग आमच्या शिपाईमामांना बोलावलं. त्यांच्या हातावर गाठी लांबूनही दिसतात. त्यांनी बाही वर केली, मुलं भोवती गोळा झाली आणि एकेकानं बोट ठेवून करून पाहिलं. मामांना स्वतःलाही हे नवीन होतं, ते मुलांपेक्षा जास्त निरखून बघत होते.

मग सगळ्यांना जागेवर पाच मिनिटं अजिबात न हलता उभं केलं, आणि पावलांवरच्या शिरा बघायला सांगितल्या. फुगलेल्या होत्या. नंतर टाचा दहा वेळा उचलून लगेच पुन्हा बघितल्या. बऱ्याच जणांच्या शिरा उतरलेल्या दिसल्या. "बाई, गेल्या!" असा एकच गलका.

प्रश्न विचारणारी मुलगी मात्र शेवटी म्हणाली, "म्हणजे हृदय एकटं नाही करत." मी फळ्यावर पोटरी, झडपा, श्वास असं लिहिलं. डॉक्टर, यात काही राहिलं का? आणि ते फिरवलेलं उत्तर, वर ओढणं नव्हे, खाली साठू न देणं, हे आठवीला झेपतं का?

स्टेथो
बाई, वाचून फार समाधान वाटलं. एक भर घाला. शिराही स्वतः आकसतात. आपण उभे राहिलो की मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या जागा मेंदूला कळवतात, मेंदू मज्जातंतूंमार्फत हृदयाचे ठोके थोडे वाढवतो आणि रक्तवाहिन्या आवळतो. मुलांना हे करून बघता येईल. पाच मिनिटं बाकावर आडवं पडून नाडी मोजायची, उठून उभं राहून लगेच परत मोजायची. बहुतेकांचे दहा-पंधरा ठोके वाढलेले सापडतील.

आणि आठवीला झेपतं. प्रश्न आठवीनंच विचारलाय.

ऊसकरी
बाई, तुमच्या शिपाईमामांना नमस्कार सांगा.

जुनीतिकीट
सिस्टर किंवा डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. मला स्टॉकिंग दिलंय, पण मी ते सकाळी आंघोळ, चहा, पेपर झाल्यावर चढवतो. तोवर पाय जड झालेला असतो आणि ते चढता चढत नाही.

परिचारिका
काका, अंथरुणातून पाय खाली सोडायच्या आधी चढवा, तेव्हा शिरा रिकाम्या असतात. आंघोळ रात्री करा, किंवा सकाळी आंघोळीनंतर दहा-पंधरा मिनिटं पाय वर करून पडा आणि मग घाला. वर दुमड पडू देऊ नका, दुमडीखाली आवळतं. झोपताना काढायचं. ज्यांना मधुमेह आहे किंवा तंबाखू-बिडीमुळे पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, त्यांनी घोट्याची नाडी डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय घट्ट स्टॉकिंग घालायचं नाही, त्यांच्या पायात रक्त येण्याचीच अडचण असते.

जुनीतिकीट
उद्यापासून उशाशीच ठेवतो.